चार पानं वाढली म्हणून सूचीत चार मिळवायचे नसतात

‘चारच तर पानं वाढलीत, सूचीतल्या आकड्यांत चार-चार मिळवा आणि फाईल पाठवा.’ काल संध्याकाळी हा निरोप आला. सूची म्हणजे पुस्तकाच्या शेवटची, कोणतं नाव कोणत्या पानांवर आहे ते सांगणारी यादी. पुस्तक गोव्यातल्या गावांच्या इतिहासाचं, ४१६ पानं, म्हणजे सोळा पानी बरोबर २६ फर्मे (एका छापील कागदाची घडी म्हणजे एक फर्मा). प्रकाशन १९ डिसेंबरला, पणजीत हॉल ठरलेला, निमंत्रणं वाटून झालेली. आणि आता पान ६४ नंतर जुन्या फोटोंची चार पानं! फर्म्याचा हिशेब मोडला तो वेगळाच. पण चार मिळवायचे कशात? ६४ पर्यंतचे आकडे तसेच राहतात, पुढचे सरकतात, आणि ‘कदंब’समोर दोन्हीकडचे मिळून सत्तावीस आकडे आहेत. अशा नऊशे नोंदी. हे हाताने करणारा माणूस तिसऱ्या पानावर चुकणार म्हणजे चुकणारच.

खरं तर पानं लावायच्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये इंडेक्स, म्हणजे ही सूची, पुन्हा जनरेट केला की काम संपायला हवं. तेही होत नाही, कारण जनरेट झालेल्या सूचीवर चार दिवस बसून हाताने दुरुस्त्या केल्या गेल्या आहेत. ‘भाऊसाहेब’ उचलून ‘बांदोडकर, दयानंद’मध्ये घातले, ‘मापसा’चं ‘म्हापसा’ केलं, वर्णक्रम लावला, सगळं त्या पानावरच्या मजकुरात! इनडिझाइनच्या इंडेक्स पॅनेलला त्यातलं काहीही कळलेलं नाही. ‘रिप्लेस एक्झिस्टिंग इंडेक्स’वर खूण आहे, ओके दाबलं की चार दिवस पुसले. किती वेळा सांगायचं? पानावर दिसते ती सूची म्हणजे नुसता उतारा. खरी सूची मजकुरात पेरलेल्या मार्करांत, म्हणजे न छापल्या जाणाऱ्या खुणांत, आणि पॅनेलमधल्या टॉपिकांत, म्हणजे नोंदींच्या नावांत असते. नाव चुकलं असेल तर पॅनेलमध्ये त्या टॉपिकवर डबल क्लिक करा, तिथे बदला, मग जनरेट करा. दुसरा रस्ता नाही.

हाताने का करावं लागतं तेही ठाऊक आहे. इनडिझाइनच्या सॉर्ट ऑप्शन्समध्ये रोमन आहे, ग्रीक आहे, सिरिलिक आहे. देवनागरी नाही. आपल्या अ पासून ज्ञ पर्यंतच्या सगळ्या नोंदी ‘सिम्बॉल्स’ या एका मथळ्याखाली! युनिकोडने, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या क्रमांकयादीने, ळ ला ल आणि व यांच्या मध्ये बसवलंय, म्हणून साळ आणि साळगाव आधी येतात, सावर्डे नंतर. मराठी वर्णक्रमात ळ ह च्या मागून येतो: सावर्डे, साष्टी, मग साळ. क्ष घुसतो क मध्ये, ज्ञ ज मध्ये. एकाने ‘ॲ’ एका अक्षराचा टाइप केला, दुसऱ्याने अ वर चंद्र दिला, की डोळ्यांना सारख्या दिसणाऱ्या दोन नोंदी. यावर ‘सॉर्ट बाय’ हा रकाना आहे. प्रत्येक वर्णाला दोन रोमन अक्षरांची खूण ठरवायची, ह च्या पुढची ळ ला, त्याच्या पुढची क्ष ला, मग ज्ञ ला, आणि त्या खुणांनी प्रत्येक टॉपिकचा रकाना भरायचा. सेक्शन हेडिंग बंद. कंटाळवाणं काम आहे, पण एकदाच करायचं. पानांचे आकडे इंग्रजी उतरतात, तर ० ते ९ चे दहा बदल ‘फाइंड-चेंज-बाय-लिस्ट’ या स्क्रिप्टच्या यादीत लिहून ठेवायचे आणि दर वेळी जनरेट केल्यावर ती चालवायची. ‘इंडेक्स लेव्हल १’ या स्टाईलला मराठी फॉन्ट दिला नाही तर पानभर गुलाबी चौकोन उमटतात, वर्ल्ड-रेडी कंपोझर दिला नाही तर जोडाक्षरं फुटतात. हेही कोणी करत नाही.

आणि दिलेला शब्द पुस्तकभर शोधून मार्कर टाकणारं ते ‘ॲड ऑल’! एका क्लिकमध्ये सूची तयार, असं ज्यांना वाटतं त्यांनी मराठी विभक्ती शाळेतच सोडली. ते बटण पूर्ण शब्द जसाच्या तसा शोधतं. ‘फोंडा’ सापडतो, फोंड्यात, फोंड्याला, फोंड्याहून सगळे सुटतात. मडगाव मिळतं, मडगावात मिळत नाही. उलट ‘साखळी’ दिली की सोन्याची साखळीसुद्धा गावाच्या नोंदीत, आणि ‘सत्तरी’ दिली की सत्तरी उलटलेले म्हातारे तालुक्यात. सामान्यरूपं एकेक शोधून मार्कर स्वतः टाकावा लागतो. त्यासाठी माणूस लागतो, आणि त्या माणसाला पुस्तक वाचायला वेळ लागतो. सूचीला किती दिवस? ‘दोन बस झाले.’

युनिकोडच्या आधीच्या जुन्या फॉन्टातलं काम आलं की रडूच येतं. तिथे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली, म्हणून डिचोली, तिसवाडी, शिरोडा, चिंबल सगळी एका ओळीत शेजारी-शेजारी. मजकूर युनिकोडमध्ये नेला तरी टॉपिक जुनेच राहतात. त्याहून वाईट म्हणजे लेखकाकडून वर्डमध्ये आलेलं ‘सुधारलेलं प्रकरण’. ते जुन्या मजकुराच्या जागी ओतलं की त्या प्रकरणातले सगळे मार्कर गेले. दुरुस्त्या प्रूफवर करा, लाल पेनाने करा, पण प्रकरण बदलून पाठवू नका! १५५६ साली छापखाना उतरलेल्या या भूमीत हे अजून सांगावं लागतं.

फोटो हवेच आहेत ना? मग ते आर्ट पेपरवर वेगळे छापा, पानक्रमांक देऊ नका. क्रमांक पहिल्या पानापासून सलग आहेत, ६४ हे चौथ्या फर्म्याचं शेवटचं पान आहे. चौथ्या आणि पाचव्या फर्म्याच्या मध्ये ती चार पानं घाला आणि शिवा. ६५ हे ६५च राहील, सूचीला कोणी हात लावू नका.