सी-स्टेट बंद करा म्हणणाऱ्यांसाठी

लिनक्सवाल्यांच्या गप्पांत एक सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्याचा आशय असा: रिकामा बसलेला प्रोसेसर वीज वाचवायला स्वतः समर्थ असतो, कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) एक ‘हॉल्ट’, म्हणजे ‘थांब’, सूचना दिली की काम झाले. त्यापुढचा सीपीयूआयडलचा (झोपेची अवस्था निवडणाऱ्या कर्नलच्या भागाचा) सगळा कोड म्हणजे फुकटचा पसारा. सी-स्टेट म्हणजे रिकाम्या प्रोसेसरची झोपेची अवस्था, आकडा मोठा तितकी झोप खोल; खोल सी-स्टेटमुळे मशीन मंदावते, कधी कधी गोठतेही. लॅपटॉप नसेल तर बूटच्या ओळीत ‘मॅक्स सी-स्टेट १’ घाला आणि मोकळे व्हा.

यातला प्रत्येक दावा अर्धवट खरा आहे, आणि म्हणूनच हा सल्ला मरत नाही. तेव्हा एकेक घेऊ.

‘प्रोसेसर स्वतःच झोपतो.’

नाही झोपत. एक्स८६ वर (इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरांवर) हॉल्ट ही सूचना जुन्या ८०८६ पासून आहे, आणि ती कोरला (प्रोसेसरमधल्या एका गणकाला) नेते ती सी-१ मध्ये, म्हणजे उथळ झोपेत. तिथे कोरचे काम थांबते, पण कॅश (कोरजवळची जलद मेमरी) शाबूत राहते आणि व्होल्टेजही जवळपास तसेच राहते. सी-६ ची गोष्टच निराळी. कोरची सगळी स्थिती बाजूच्या एसरॅममध्ये (छोट्या मेमरीत) उतरवली जाते आणि कोरचा वीजपुरवठा जवळजवळ तोडला जातो. तिथे जायचे तर कर्नलने तसे मागावे लागते. पूर्वी एसीपीआयने (वीज-व्यवस्थापनाच्या प्रमाणाने) नेमून दिलेला एक पोर्ट वाचून मागायचे, आता ‘एमवेट’ सूचनेसोबत इशारा देऊन. हार्डवेअर मागितल्यापेक्षा उथळ अवस्था देऊ शकते. पण सी-१ ची सी-१ई करण्यासारखी किरकोळ बढती सोडली, तर आपण होऊन ते सहसा खोलात शिरत नाही. हा गैरसमज बहुधा फ्रीक्वेन्सीवरून आला असावा. २०१५ च्या स्कायलेक पिढीपासून इंटेलचे प्रोसेसर वेग स्वतः ठरवू शकतात. पण ते झाले पी-स्टेट, म्हणजे काम चालू असतानाचे प्रकरण.

आता मागायचे तरी काय? खरा प्रश्न हा आहे. प्रत्येक अवस्थेचे दोन आकडे असतात: जागे व्हायला लागणारा वेळ, आणि ती परवडण्यासाठी निदान किती वेळ झोपावे लागेल तो. लिनक्सच्या इंटेल ड्रायव्हरमध्ये स्कायलेकच्या सी-६ पुढे ८५ आणि २०० मायक्रोसेकंद लिहिलेले आहेत, तर सी-१० पुढे ८९० आणि ५,०००. त्याहून कमी झोप मिळाली तर स्थिती उतरवण्या-चढवण्यातच जास्त वीज जाते. म्हणजे झोप किती लांबेल याचा अंदाज आधी हवा. पुढचा टायमर कधी वाजणार, याआधीच्या झोपा किती टिकल्या, कोणत्या प्रोग्रॅमने किती विलंब चालेल म्हणून कळवले आहे, हे सगळे एकत्र कर्नलकडेच असते.

कोणी म्हणेल, पुढचा टायमर हार्डवेअरलाही दिसतो. दिसतो ना, पण तो टायमर लावला कोणी? सेकंदाला २५० टिक (ठरावीक अंतराने वाजणारे टायमरचे ठोके) देणारा कर्नल दर ४ मिलिसेकंदांनी कोरला उठवतो. सी-१० ला ५ मिलिसेकंद हवेत. टिक चालू ठेवून ती अवस्था कधीच परवडणार नाही. म्हणून लिनक्समध्ये आधी २००७ च्या २.६.२१ मध्ये रिकाम्या कोरची टिक थांबवायची सोय आली, आणि जानेवारी २००८ च्या २.६.२४ मध्ये सीपीयूआयडल आले. २०१८ च्या ४.१७ मध्ये क्रम उलटला: आधी किती झोपणार याचा अंदाज, मग टिक थांबवायची की नाही याचा निर्णय.

‘फुकटचा पसारा आहे.’

कर्नलमध्ये ही सोय नव्याने घालणाऱ्याला पसारा का लागतो ते पहिल्याच आठवड्यात कळते. साधा हॉल्टसुद्धा फसवा आहे. ‘काही काम आहे का’ हे तपासले, काम नव्हते, आणि हॉल्टच्या नेमके आधी इंटरप्ट (प्रोसेसरचे लक्ष वेधणारा संकेत) येऊन काम देऊन गेला, तर कोर काम हातात असताना झोपतो. म्हणून तपासणी इंटरप्ट बंद ठेवून करायची, आणि ‘एसटीआय’ला (इंटरप्ट पुन्हा चालू करणाऱ्या सूचनेला) लागूनच हॉल्ट लिहायचा. एसटीआयनंतरची एक सूचना पार पडेपर्यंत प्रोसेसर इंटरप्ट घेत नाही, आणि या एका सूचनेच्या आडोशावर सगळे उभे आहे. दोघांच्या मध्ये भाबडेपणाने एखादी ओळ घातली की संपले. एमवेटमध्ये हीच अडचण जास्त सुबक सुटते: कोर स्वतःच्या कामाच्या फ्लॅगवर नजर ठेवून झोपतो, दुसऱ्या कोरने तो फ्लॅग लिहिला की उठतो. वेगळा इंटरप्ट पाठवावाच लागत नाही.

पुढे घड्याळे. बऱ्याच जुन्या प्रोसेसरांवर सी-३ आणि त्याहून खोल अवस्थांत लोकल एपिकचा, म्हणजे कोरचा स्वतःचा, टायमर बंद पडतो, म्हणजे ज्याने उठवायचे तोच झोपतो. मग एचपीईटीसारख्या बाहेरच्या टायमरकडून जाग मागवावी लागते. टीएससी हा वेळ मोजणारा कोरमधला काउंटरही काही पिढ्यांत थांबायचा. हे सीपीयूआयडीचे (प्रोसेसरची स्वतःबद्दलची माहिती देणाऱ्या सूचनेचे) बिट तपासून ठरवावे लागते. यातली कोणती ओळ फुकटची, ते दावा करणाऱ्यांनी दाखवावे.

‘मशीन मंदावते.’

यात सगळ्यांत जास्त तथ्य आहे. नेटवर्क पॅकेटला काही मायक्रोसेकंदांत उत्तर द्यायचे असेल तर ८५ मायक्रोसेकंदांची जाग जाणवते. पण सरसकट सी-१ वर अडकवले की टर्बो (तात्पुरता वाढीव वेग) मार खातो. इंटेलच्या टर्बोची कमाल मर्यादा किती कोर जागे आहेत त्यावर ठरते, आणि सी-१ मधला कोर जागाच धरला जातो. परिणामी एकाच थ्रेडवर चालणारे काम, ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला, तेच हळू होऊ शकते. ‘आयडल=पोल’ ही कोरला झोपूच न देणारी बूटची सेटिंग तर त्याहून वाईट. हायपरथ्रेडिंग (एकाच कोरवर दोन थ्रेड) असेल तर रिकामा थ्रेड चकरा मारत जोडीदाराची साधने खात बसतो.

ज्याला विलंब खरोखर नको, त्याच्यासाठी पीएम क्यूओएस, म्हणजे विलंबाची मर्यादा कर्नलला कळवायची सोय, आहे. डिव्हाइस फोल्डरमधली ‘सीपीयू डीएमए लेटन्सी’ ही फाइल उघडायची, मायक्रोसेकंदांतली मर्यादा चार बाइटांत लिहायची आणि फाइल उघडी ठेवायची. प्रोग्रॅम संपला, फाइल बंद झाली, मर्यादा आपोआप उठली. बाकी वेळ मशीन निवांत झोपते.

‘लॅपटॉपपुरतेच आहे.’

सर्व्हरही बराच वेळ रिकामे असतात. शिवाय पॅकेजच्या, म्हणजे अख्ख्या चिपच्या, खोल अवस्थेसाठी सगळेच कोर खोल जावे लागतात. एकही सी-१ मध्ये बसला की कोरांबाहेरचा सामाईक भागही जागा राहतो.

‘गोठणे थांबते.’

काही मशीनवर थांबते, हे खरे. २०१३ च्या बे ट्रेल प्रोसेसरांवर लिनक्स गोठण्याच्या तक्रारी खूप होत्या आणि ‘मॅक्स सी-स्टेट १’ने अनेकांची सुटका झाली. हा सल्ला पसरला त्यात या प्रकरणाचा मोठा हात असावा. पहिल्या पिढीच्या रायझनवरही रिकामे असताना गोठण्याचा त्रास होता, त्यावर बायोसमध्ये वेगळी सेटिंग आली. पण त्या विशिष्ट चिपांवरचा उपाय दुसऱ्या मशीनवर डोळे झाकून लावण्यात काय हशील? संशय असेल तर सिसएफएसमध्ये (कर्नलच्या सेटिंग फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या फोल्डरात) प्रत्येक कोरच्या सीपीयूआयडल फोल्डरात जा. तिथे प्रत्येक अवस्थेची ‘डिसेबल’ फाइल आहे. सी-६ च्या फाइलीत १ लिहा, सगळ्या कोरांसाठी, रीबूट न करता. तरीही मशीन गोठले, तर दोष निदान सी-६ चा नाही. आणि गोठणे थांबले, तर तेवढीच एक अवस्था बंद ठेवा.