तुमच्याकडे नेट कसं आहे?

परदेशातल्या मुलांशी ओळख करून घ्या, आपापल्या शाळांची तुलना करा आणि सत्र संपायच्या आत अहवाल द्या, असा एक उपक्रम आमच्या मॅडमनी माझ्या गळ्यात घातला. कारण काय, तर माझं इंग्रजी बरं आहे. त्या व्हिडिओ कॉलवर इंग्रजी जेमतेम तीन वाक्यांपुरतं लागतं, हे मॅडमना कुठून माहीत असणार? ऐकू येतंय का, मी दिसतेय का, आणि तू म्यूटवर आहेस.

गटात जर्मनी, फिनलंड, एस्टोनिया, दक्षिण आफ्रिका, जपान आणि ऑस्ट्रेलियातलं एकेक जण होतं. पहिलं संकट वेळेचं. जपानी लोक घड्याळाला हात लावत नाहीत. युरोपातले लोक मात्र मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते एक तास पुढे-मागे करतात. ऑक्टोबरात घड्याळं मागे गेली आणि बिचारा जपानी मुलगा तासभर एकटाच स्वतःच्या चेहऱ्याकडे बघत बसला. आम्ही उगवल्यावर माफीही त्यानेच मागितली.

मग तुलना. ‘कितवीत आहेस?’ हा सोपा प्रश्न वाटतो ना? जपानमध्ये शालेय वर्ष एप्रिलला सुरू होतं, ऑस्ट्रेलियात जानेवारीच्या शेवटी, युरोपात ऑगस्ट-सप्टेंबरला. त्यामुळे कोणाचं वर्ष नुकतंच लागलेलं, कोणाचं संपत आलेलं, आणि डिसेंबरात आम्ही स्वेटर घालून बसलो तर समोर ऑस्ट्रेलियातली मुलगी उन्हाळ्याच्या सुट्टीवर.

गुणांचं तर विचारूच नका. जर्मन मुलगी म्हणाली, ‘गणितात मला १ मिळाला.’ मी शक्य तितक्या हळुवार आवाजात तिची समजूत काढली. पुढच्या वेळी जमेल, एका परीक्षेने काही होत नाही वगैरे. जर्मनीत १ म्हणजे सर्वोत्तम आणि ६ म्हणजे बट्ट्याबोळ, हे तिने नंतर सांगितलं. तोवर मी माझे ८२ सांगून बसले होते. ती माझ्याकडे किती करुणेने पाहत होती म्हणून सांगू!

खरं तर ती माझ्याकडे पाहतच नव्हती, कारण मी दिसतच नव्हते. नेटच्या जाहिरातीत जो गलेलठ्ठ आकडा असतो, तो बहुतेक वेळा घरी येणाऱ्या नेटचा. घरातून बाहेर जाणारं नेट त्याच्या किती पट कमी, हे तळाशी बारीक अक्षरांत. आमच्या घरच्या प्लॅनमध्ये हा फरक एवढा होता की मला सहाही जण स्वच्छ दिसत आणि मी मात्र सहाही जणांना रंगीत चौकोनांच्या रूपात. ओळख लपवण्यासाठी मी मुद्दाम असं करते, अशी दक्षिण आफ्रिकेतल्या मुलाची बरेच दिवस समजूत होती. बरं, तो आकडाही बिट्समध्ये आणि आपण फाइल मोजतो बाइट्समध्ये. आठ बिट्सचा एक बाइट. म्हणजे १०० मेगाबिट्सचे पैसे मोजावेत आणि सेकंदाला जेमतेम साडेबारा मेगाबाइट हाती यावेत. तेसुद्धा कंपनी त्या दिवशी खुशीत असेल तर.

आणि आवाज? कॉलवर आपलं बोलणं बारीक तुकडे होऊन पाकिटांतून जातं. ईमेलचं एखादं पाकीट वाटेत हरवलं तर ते पुन्हा पाठवलं जातं. कॉलमध्ये तेवढी सवड नसते. हरवलं ते हरवलं. ‘आमचे सर कधीच कोणाला मारत नाहीत’ असं मी शाळेची बाजू सावरत म्हणाले. त्यातला ‘कधीच नाही’ एवढाच भाग वाटेत गळाला. पलीकडे शांतता पसरली. फिनलंडच्या मुलाने विचारलं, ‘मग तुम्ही तक्रार कोणाकडे करता?’ मी म्हटलं, ‘कशाला करायची? आम्हाला आवडतात ते.’ हे वाक्य मात्र खणखणीत पोचलं.

इथून गाडी तक्रारींवर आली, आणि गंमत म्हणजे पहिल्यांदा सगळ्यांना एकमेकांचं नीट समजू लागलं. शाळेच्या गप्पांत कोणालाच जिंकण्याची ईर्षा नव्हती. आपलं नेट सगळ्यात भिकार हे सिद्ध करायला मात्र जो तो बाह्या सरसावून बसला. फिनलंडच्या मुलाला आम्ही पहिल्याच फेरीत बाद केलं. त्यांच्याकडे १ जुलै २०१० पासून ब्रॉडबँड हा प्रत्येकाचा कायदेशीर हक्क आहे, तेव्हा तो १ मेगाबिटचा होता. शिवाय शाळा सातव्या वर्षी सुरू, आणि तासातली ४५ मिनिटं शिकवलं की उरलेल्या वेळात बाहेर पिटाळतात. अशा माणसाने तक्रारीला तोंडच उघडू नये. जर्मन मुलीने गावाकडच्या जुन्या तांब्याच्या तारांचं रडगाणं गायलं. बरं गायलं, पण ते गाताना तिचं चित्र एकदाही अडकलं नाही, त्यामुळे गुण कापले.

ऑस्ट्रेलियातली मुलगी एका अवाढव्य गुरांच्या फार्मवर राहते. शेजार म्हणजे गाडीने काही तास. तिच्यासारख्यांसाठी १९५१ साली ॲलिस स्प्रिंग्जला आकाशवाणीवरची शाळा सुरू झाली. मुलं रेडिओवर हजेरी द्यायची. आता रेडिओ जाऊन उपग्रह आला. तो ३६ हजार किलोमीटर उंचीवर. आपला शब्द तिथवर चढून उतरणार, मग तिचं उत्तर चढून उतरणार. यात अर्धा सेकंद सहज जातो. ऐकायला काहीच नाही वाटत. पण मी विनोद केला की सगळे हसायचे, थांबायचे, आणि मग ती एकटीच हसायची. त्या मधल्या अर्ध्या सेकंदात माझा आत्मविश्वास किती खचायचा, ते माझं मलाच ठाऊक.

तरी बाजी मारायला निघाला होता दक्षिण आफ्रिकेतला मुलगा. एक तर लोडशेडिंगच्या काळात वीजच गायब, मग नेट कितीही चांगलं असून उपयोग काय! वर त्याने हुकमाचा एक्का काढला. २००९ साली त्याच्या देशात मंद नेटला वैतागलेल्या एका कंपनीने विन्स्टन नावाच्या कबुतराच्या पायाला ४ जीबीचं कार्ड बांधून हॉविकहून डर्बनच्या दिशेने सोडलं आणि तोच डेटा नेटवरूनही पाठवायला घेतला. उड्डाण आणि कार्डावरचा डेटा संगणकात उतरवून घेणं धरून दोन तासांच्या वर काही मिनिटं लागली. तेवढ्यात नेटवरून पोचला होता ४ टक्के डेटा. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या (माझ्या टाळ्या चौकोनांच्या). मी तर मनातल्या मनात कबुतराचा खुराक महिन्याच्या बिलाशी ताडून पाहिला.

बक्षीस त्यालाच द्यायचं ठरत होतं, इतक्यात एस्टोनियाचा मुलगा बोलला. हा एरवी गप्प. त्याच्या देशाने १९९६ मध्येच शाळाशाळांत संगणक आणि इंटरनेट पोचवण्याची ‘टायगर लीप’ नावाची मोहीम काढली होती, तेव्हा याचा जन्मही झालेला नव्हता. याचं नेट कधी जात नाही. याचा चेहरा कधी अडकत नाही. हा काय तक्रार करणार?

‘आमची शाळा ऑनलाइन आहे,’ तो म्हणाला. ‘म्हणजे प्रगतिपुस्तक, गृहपाठ, हजेरी, सगळं. गुण पडले की शिक्षक तिथल्या तिथे भरतात. मी घरी पोचायच्या आत आईने पाहिलेले असतात. गृहपाठ काय दिलाय तेही तिला दिसतं. उशीर झाला तेही दिसतं. आणि नेट गेलं होतं, असं मी आजवर कोणालाच सांगू शकलेलो नाही. कोण विश्वास ठेवणार?’

कोणीच काही बोललं नाही. उपग्रहाच्या हिशेबातला अर्धा सेकंद उलटून गेला तरी ऑस्ट्रेलियाकडून हसू आलं नाही. जर्मन मुलीने हळूच विचारलं, ‘कधीच नाही जात?’ तो म्हणाला, ‘कधीच नाही.’ ही दोन्ही वाक्यं अक्षरही न गळता पोचली. कबुतरवाल्याने मुकाट्याने माघार घेतली.

त्या रात्री मी आमच्या राउटरकडे पाहिलं. त्याच्यावरचा तो लाल दिवा! किती निबंध, किती वह्या, किती ‘पाठवलं होतं मॅडम, गेलं नाही वाटतं’ त्याने निमूटपणे पोटात घातलं होतं. आता अहवालाची मुदत तोंडावर आली होती, एक ओळ लिहून झाली नव्हती, पण मी निर्धास्त होते.

आणि दुसऱ्या दिवशी बेल वाजली. बाबांनी कधीकाळी केलेली तक्रार कंपनीच्या कुठल्या कपाटातून बाहेर पडली कोण जाणे. दारात तंत्रज्ञ. त्याने जुनी तार ओढून काढली, केसाएवढी काचेची तार आत आणली, नवा राउटर भिंतीला ठोकला. हिरवा दिवा लागला. ‘येणारं-जाणारं दोन्ही सारखंच बघा,’ तो अभिमानाने म्हणाला.

‘दादा,’ मी विचारलं, ‘अधूनमधून तरी जाईल ना?’

‘ताई, टोमणे नका मारू,’ तो म्हणाला. ‘लिहून देतो, जाणार नाही.’