डिस्ट्रूरल्स नावाचा आजार

सदाशिव पेठेतल्या झेरॉक्सवाल्या काकांनी काल मला एक नवा आजार दाखवला. वाईट इतकंच, की तो मीच लिहून ठेवला होता.

आधीचं सगळं भराभर सांगते. अमेरिकेत इंटर्नल मेडिसिनच्या रेसिडेन्सीसाठी, म्हणजे फिजिशियन होण्यासाठी हॉस्पिटलात राबून घ्यायच्या प्रशिक्षणासाठी, सप्टेंबरात 'इरास' नावाच्या पोर्टलवरून अर्ज जातो. असं प्रशिक्षण देणारी जागा म्हणजे प्रोग्राम. पहिल्या ३० प्रोग्रामना प्रत्येकी ११ डॉलर, त्यापुढे प्रत्येकी ३०. मी ८० ठिकाणी केला. एकूण १,८३० डॉलर. बाबांनी त्याचे रुपये करून पाहिले, दोन मिनिटं गप्प बसले आणि फिरायला निघून गेले. पर्वती चढून आले म्हणे.

त्या अर्जाला जोडायचं असतं पर्सनल स्टेटमेंट. मी डॉक्टर का झाले, मी कोण, आणि तुमच्याकडेच का यायचंय. यातलं 'तुमच्याकडेच' फार महत्त्वाचं. ते सरधोपट वाटता कामा नये, खास त्यांच्यासाठी लिहिलेलं वाटलं पाहिजे. ८० जणांना खास! शिवाय मनापासून आवडलेल्या प्रोग्रामना 'सिग्नल' द्यायचे असतात, तीन सोनेरी आणि बारा चंदेरी. लाल-हिरव्याचंच ज्यांना वावडं त्या पुणेकरांना आता सोनेरी-चंदेरी.

तर मी दोन नमुने केले. डेट्रॉइट-ब्रुकलिनसारख्यांसाठी शहरी, फार्गोसारख्यांसाठी ग्रामीण. शहरी आधी लिहिला. मग रात्री अडीच वाजता दोन-तीन परिच्छेद इकडचे तिकडे केले, आणि उरलेल्यात संगणकाला सांगितलं, 'अर्बन' दिसेल तिथे 'रूरल' टाक. त्यानं टाकलं. सगळीकडे टाकलं.

आता दिवाळी उलटल्यावर एका ठिकाणहून ऑनलाइन मुलाखतीचं बोलावणं आलं. तिथे आपला कुठला नमुना गेलाय ते बघण्याआधीच घाबरून दोन्हींचे प्रिंट काढायला गेले.

काकांचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. बाहेर एमपीएससीची पोरं नोट्स घेऊन ताटकळत असतात, कारण मशीनमधून निघालेला कागद काका वाचल्याशिवाय हातात देत नाहीत. सातबारा असो, भाडेकरार असो, कुणाचा लग्नाचा बायोडेटा असो. माझेही वाचले. चष्मा कपाळावर सरकवून, कागद नाकाशी धरून.

"ताई, हे कुणी लिहून दिलं?"

"मीच लिहिलंय."

"हां." पुण्यात हे अक्षर नसतं, निकालपत्र असतं. "मग हे काय? 'इलेक्ट्रोलाइट डिस्ट्रूरल्स'. नवीन साथ आहे का?"

मी कागद ओढून घेतला. डिस्टर्बन्सच्या स्पेलिंगच्या पोटात अख्खं 'अर्बन' दडलेलं असतं, हे मला आयुष्यात पहिल्यांदा दिसलं. सोडियम कमी झालेल्या त्या बिचाऱ्या आजोबांना मी डिस्ट्रूरल्स झाल्याचं अमेरिकेतल्या ३४ प्रोग्रामना कळवलं होतं. पोर्टलवर आता दुरुस्त करता येतं, पण ज्यांनी वाचायचं त्यांनी वाचलं असणार.

"आणि खाली 'सबरूरल पुणे'," काका म्हणाले.

"म्हणजे वाघोली का?" मागच्या पोरानं विचारलं. बाकीचे हसले. परीक्षेच्या तयारीत म्हणे यांना हसायला वेळ नसतो.

मी पैसे काढले. काका घेईनात. त्यांनी दोन्ही कागद काचेवर शेजारी शेजारी मांडले, पंचनामा करतात तसे.

"यात म्हणताय, महानगरातल्या गर्दीत तुमचा जीव रमतो. यात म्हणताय, गावच्या शांततेची ओढ. एकाच बाईचे ना दोन्ही? का दोन मतदारसंघांतून उभ्या आहात?"

"तिकडे असंच लिहावं लागतं, काका."

"आणि ही रेड नदी, उत्तरेला वाहते, तिचा काठ तुम्हाला खुणावतो. गेला होतात कधी?"

"नाही."

"मग खुणावलं कुठून?"

मी गप्प. नदी नकाशावर सापडली होती. उत्तरेला वाहते एवढीच तिची मला माहिती, आणि तेवढ्यावर मी दोन वाक्यं लिहिली होती.

"आणि हे अक्कलकुव्याचं? यात आहे, त्यात नाही."

हे मात्र त्यांनी विचारायला नको होतं. माझ्या वेळी सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालं की वर्षभर बाँडची सेवा, नाहीतर १० लाख भरा, असं होतं. मी नंदुरबारकडच्या अक्कलकुव्याला गेले होते. रस्ता नसलेल्या पाड्यावरून बांबूच्या झोळीत आणलेली बाळंतीण, रात्रीचे तीन, हातात टॉर्च. तिची मुलगी आता दोन वर्षांची असेल. शहरी नमुन्यातून ते मी काढलं, कारण पानामागे पैसे घेणाऱ्या एका सल्लागार बाईंनी समासात लिहिलं होतं, 'शहरी प्रोग्रामला याचा उपयोग नाही.' त्या सल्ल्याचे पैसे मी भरले. जीएसटीसकट.

"हे कापलंत," काका म्हणाले, "आणि नदी ठेवलीत?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी भांडले. तुम्ही लोकांचे कागद वाचताच का? खासगी असतात ते! काका शांतपणे म्हणाले, "अहो, ८० जणांना पाठवलेला कागद खासगी कसला?" मागची पोरं पुन्हा हसली. वाघोलीवाला जरा जास्तच.

मी तणतणत कागद तिथेच टाकले आणि घरी येऊन दोन्ही नमुने दुरुस्त केले. अक्कलकुवा दोन्हींत. नदी कुठेच नाही. काकांना हे सांगायचा अर्थातच प्रश्न नव्हता.

आज सकाळी व्हिसाचे फोटो आणायला पुन्हा तिथेच जावं लागलं, कारण गल्लीत दोन बाय दोन इंचाचे फोटो तेवढेच एक काढून देतात. काकांनी ओळख दाखवली नाही. फोटो मोजले, एका कागदात नीट गुंडाळून दिले.

घरी येऊन पुडी उघडली. पाठकोरा कागद होता. आतल्या बाजूला कुणीतरी पेन्सिलीनं शेकडेवारीची गणितं सोडवलेली, तीही चुकीची. उलटून बघितलं तर रेड नदीचा काठ मला खुणावत होता.