पाऊल खोडले, पारितोषिक गेले

परवा कट्ट्यावर वादाला तोंड फुटले ते 2010 सालच्या वर्ल्ड प्रेस फोटो या वृत्तछायाचित्रांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेतील एका प्रकरणावरून. छायाचित्रकार स्टेपान रुडिक यांच्या कीव्हमधील रस्त्यावरच्या मारामाऱ्यांवरील मालिकेला क्रीडा विभागात तिसरे पारितोषिक जाहीर झाले होते. पण हाताला पट्टी बांधली जात असल्याच्या एका छायाचित्रात, मागे दिसणारे कुणाचे तरी पाऊल खोडल्याचे कॅमेऱ्यातली मूळ, न बदललेली फाइल तपासताना उघड झाले आणि पारितोषिक रद्द झाले.

“अहो, त्याच चित्राची चौकट त्यांनी कातरून कितीतरी लहान केली होती, रंग काढून ते कृष्णधवल केले होते, वर दाणेदार पोतही चढवला होता. ते सगळे चालले आणि एवढेसे पाऊल तेवढे खुपले?” नानांचा सवाल होता. डार्करूमच्या काळापासून छायाचित्रे धूत आलेल्या माणसाला तो पडणे साहजिकच होते.

वकीलसाहेब मात्र बधले नाहीत. “कातरणे ही निवड झाली, नाना, ती शटर दाबण्यापूर्वीही होतेच. चौकटीत जे उरले ते कॅमेऱ्यासमोर तसेच होते, एवढी एकच हमी वाचकाला असते. वस्तू किरकोळ होती म्हणून सूट दिली, तर किरकोळ काय हे कोण ठरवणार?” 2014 मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने सीरियातील एका चित्राच्या कोपऱ्यातला व्हिडिओ कॅमेरा पुसल्याबद्दल छायाचित्रकार नार्सिसो कॉन्त्रेरास यांच्याशी संबंध तोडले, हा दाखला त्यांनी लगोलग पुढे केला.

मला स्वतःला वकीलसाहेबांचे म्हणणे पटते, पण अर्धेच. एखादा कोपरा इतका गडद केला की तिथला माणूस काळोखात बुडाला, तर त्याला खोडण्यात आणि बुडवण्यात फरक तो काय? स्पर्धेच्या नियमांनीही पुढे हे मान्य केले असून, पार्श्वभूमी नाहीशी होईल असा रंग-छटांचा बदल आता चालत नाही. 2015 मध्ये उपान्त्य फेरीतील सुमारे 20 टक्के प्रवेशिका संपादनाच्या कारणावरून बाद झाल्या, यावरून हा आजार किती पसरला होता ते दिसते.

“आणि त्याच वर्षीचे शार्लरोआ?” नानांनी हुकमाचे पान टाकले. जोव्हान्नी ट्रोइलो यांच्या बेल्जियममधील त्या शहरावरच्या मालिकेचे पहिले पारितोषिक काढून घेतले गेले, कारण तिच्यातील एक चित्र शार्लरोआत नव्हे, तर ब्रसेल्सच्या मोलेनबेकमध्ये टिपलेले होते. तिथे खोटी होती ती ओळ, चित्राखालची. मूळ फाइल कितीही तपासली तरी ती काय सांगणार?

यावर वकीलसाहेब क्षणभर थांबले आणि म्हणाले, की मग चित्रओळीचीही मूळ फाइलइतकीच कसून छाननी व्हावी. ती करायची कुणी, परीक्षकांनी की चित्र पाठवणाऱ्या संस्थेने, यावर दोघांचे अजून जुळलेले नाही.