बेकनचं बंड आणि पामुंकींची राणी

पुतण्या स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय. परवा जेवताना म्हणाला, "काका, बेकनचं बंड म्हणजे गोरे-काळे गरीब एक होऊन जुलमी गव्हर्नरला भिडले, बरोबर ना?" अर्धं बरोबर. उरलेल्या अर्ध्यासाठी ही पोस्ट.

व्हर्जिनिया, अमेरिकेतली इंग्रजांची वसाहत, १६७६. तंबाखूचा भाव पडलेला. इंग्लंडहून माणूस आणला की डोक्यामागे ५० एकर, पण ती आणणाऱ्याच्या नावावर. आलेला गडी कराराची वर्षं राबून सुटेपर्यंत नदीकाठच्या चांगल्या जमिनी बड्यांनी लाटलेल्या. १६७० मध्ये जमीन-घर नसलेल्यांचं मतही गेलं. गव्हर्नर बर्कलीने तर सुमारे १४ वर्षं निवडणूकच घेतली नाही. मग सुटलेला गडी जाणार कुठे? सरहद्दीवर, आदिवासींच्या रानाला खेटून. ठिणगी पडली तीही डुकरांवरून. थकलेल्या पैशांपोटी डोएग या आदिवासी जमातीच्या लोकांनी एका मळेवाल्याची डुकरं नेली. त्यातून सरहद्दीवर मारामाऱ्या पेटल्या, आणि गव्हर्नर आदिवासींवर हवा तसा तुटून पडत नाही म्हणून बंड झालं.

बंडाचा म्होरक्या नॅथॅनियल बेकन स्वतः गरीब बिरीब नव्हता. गव्हर्नरच्या बायकोच्या नात्यातला, येऊन दोन वर्षं झालेला, गव्हर्नरच्याच कौन्सिलात बसणारा जमीनदार. त्याच्या माणसांनी कुणाला मारलं? ओकानीची या आदिवासी लोकांना, ज्यांनी नुकतीच त्याच्या बाजूने लढाई जिंकून दिली होती!

मला आठवते ती कोकाकोएस्के. पामुंकी या आदिवासी जमातीची राणी. त्या उन्हाळ्यात राजधानी जेम्सटाऊनच्या सभेने तिला बोलावलं, लढायला माणसं दे म्हणून. हरणाच्या कातड्याची झालर लावलेली शाल पांघरून ती आली, गप्प बसली. फारच टोचल्यावर बोलली आणि पुन्हापुन्हा एकच: तोतोपोतोमॉय मेला. तोतोपोतोमॉय म्हणजे तिचा नवरा. वीस वर्षांपूर्वी याच इंग्रजांच्या बाजूने लढताना शंभरेक माणसांसह पडला होता. भरपाई? छदाम नाही. शेवटी ती बारा माणसं द्यायला तयार झाली. पुढे बेकन तिच्याच लोकांवर चालून गेला.

सप्टेंबरात त्याने जेम्सटाऊन जाळलं, ऑक्टोबरात हगवणीने मेला. बर्कलीने २३ जणांना फासावर चढवलं. शेवटपर्यंत हत्यार न टाकणारे होते सुमारे ८० काळे आणि २० गोरे. पुतण्याचं अर्धं बरोबर ते इथे. त्यांना गोड बोलून होडीत घातलं, मग तोफा रोखल्या आणि मालकांकडे परत पाठवलं.

ही जोडी पुन्हा जमू नये, याची तजवीज कायद्याने झाली. १७०५ च्या कायद्यात करार संपलेल्या गोऱ्या गड्याला मका, रोख आणि बंदूक. गुलामाने पाळलेली गुरं-घोडी मात्र जप्त करून विकायची, पैसा त्या भागातल्या गरिबांना. जप्तीच्या यादीत डुकरंही आहेत.

कोकाकोएस्केने १६७७ मध्ये इंग्रजांशी तह केला. पामुंकी अजून तिथेच आहेत, उरल्यासुरल्या राखीव जमिनीवर. दरवर्षी थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातल्या सणाच्या) सुमारास शिकार केलेलं हरीण नेऊन व्हर्जिनियाच्या गव्हर्नरच्या दारात ठेवतात. तहात खंडणी ठरली होती ना, म्हणून.