ढवळायची पाळी कोणाची?

मागच्या वर्षी भावाच्या मुलीने डिक्लेअर केलं की गौरींबरोबर गणपती घाटावर न्यायचे नाहीत, घरीच बादलीत विसर्जन करायचं. काकांनी पेपर बाजूला ठेवला. "देवाला बादलीत? मग आंघोळ आम्ही तांब्यात करायची का?"

शाडूची मूर्ती असती तर प्रश्नच नव्हता, काही तासांत विरघळते. पण काकांना शाडूत 'तेज' दिसत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्येच मूर्तींना प्लास्टर नको म्हणून सांगितलंय हे पोरीने मोबाईलवर दाखवलं तर म्हणे, "बाप्पांना विचारलं होतं का मंडळाने?" म्हणून आमच्याकडे प्लास्टर ऑफ पॅरिसचेच, आणि ते नुसत्या पाण्यात ढिम्म बसून राहतात. त्यावर पुण्याच्या एनसीएलच्या, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी उपाय काढलाय, पाण्यात अमोनियम बायकार्बोनेट घालायचं. बिस्किटं फुगवायला बेकरीवाले वापरतात तेच. पुण्यात महापालिका ते फुकट देते, आणि 'फुकट' ऐकल्यावर काकांचा धर्म बराच लवचिक झाला.

आजीचा प्रश्न वेगळाच. घाटावरून येताना पाटावर वाळू आणतात, ती आता कुठून आणायची? बाबा म्हणाले तुळशीतली माती घेऊ. आजी म्हणाली देवाचीच माती देवाला कशी चालेल, मग बऱ्याच चर्चेनंतर गुलाबाची कुंडी पास झाली.

उत्तरपूजा झाली, हार-दागिने उतरवले, आरती झाली, बाप्पांना बादलीत ठेवलं तर मुकुट आणि अर्धी सोंड वर. मूर्ती काकांनी निवडलेली, त्यामुळे मूर्ती मोठी आहे असं कोणी म्हणेना, सगळे म्हणाले हल्ली बादल्याच लहान येतात. शेवटी गच्चीवरचा ड्रम धुऊन आणला. मग पुतणी म्हणते पावडर साधारण मूर्तीच्या वजनाएवढी लागते, झालं, बाप्पा पुसून काकूंच्या वजनकाट्यावर! हा काटा जास्त दाखवतो असं काकू कित्येक वर्षं सांगतायत. यावेळी पहिल्यांदा त्यांना साक्षीदार मिळाला, कारण काटा बघून काकाच ओरडले, "शक्यच नाही!"

पावडर पडली, बुडबुडे आले, पोरांनी व्हिडिओ काढले. आणि मग वास. अमोनियाचा वास कशाची आठवण करून देतो ते सणासुदीला लिहीत नाही, पण शेजारच्या वहिनी प्रसादाला आल्या त्या दारातूनच "उपास आहे" म्हणून गेल्या. गौरींच्या विसर्जनाला कसला उपास?

खरी परीक्षा पुढे होती. अंदाजे ४८ तास लागतात, आणि दर दोन-तीन तासांनी ढवळायचं. फॅमिली ग्रुपवर टाइमटेबल पडलं. पाटावरचा देव उचलायला सगळे असतात, रात्री दोनची पाळी आली की एकेकाची पाठ धरते. माझ्या नशिबात नेमकी तीच आली (टाइमटेबल बायकोने केलं होतं, असो). डोळे चोळत बाल्कनीत गेलो तर काका आधीच स्टुलावर, नाकाला उपरणं बांधून, लाकडी दांड्याने ढवळतायत आणि तोंडाने अथर्वशीर्ष. मला म्हणाले, "तू झोप, तुला जमायचं नाही, हात एका लयीत लागतो."

तळाला पांढरी चुनखडी बसली, वरचं पाणी म्हणजे अमोनियम सल्फेट, खतच ते, पुतणीने पातळ करून झाडांना घातलं. गुलाबाला पुढे कळे आले त्याचं क्रेडिट आजीने बाप्पांना दिलं, पुतणीने नायट्रोजनला, आणि काकांनी स्वतःच्या ढवळण्याला.

यंदा काकांनी ग्रुपवर आधीच नियम टाकलेत. दांडा नवीन हवा. ढवळायचं प्रदक्षिणेच्या दिशेनेच. चपला घालून ड्रमजवळ जायचं नाही. आणि हे वाचूनसुद्धा धाकट्या भावाची नवी बायको, बिचारी चांगल्या मनाने, म्हणाली, "काका, एवढा त्रास कशाला, या वेळी शाडूचीच आणूया ना."

काका तिच्याकडे बघतच राहिले. "शाडूची आणली तर ढवळायचं काय? अगं, आमच्यात पद्धत आहे ती!"