बिल उघडू नये

ऑनलाइन खरेदी करणाऱ्या समस्त सुजाण बंधू-भगिनींनो, गेल्या आठवड्यात मी कुकरची रिंग मागवली. त्यातून जे ज्ञान पदरात पडलं ते एकट्याने गिळून बसणं बरं नव्हे, म्हणून या चार सूचना. फुकट देतोय. फुकट म्हणजे शेवटच्या पानावर चाळीस रुपये वाढणार नाहीत, असं फुकट.

सगळ्यात आधी, बिल उघडू नये. पैसे भरायच्या पानावर 'कर आणि शुल्क' अशी एक ओळ असते आणि तिच्या शेजारी खाली तोंड केलेला एक बारीक बाण असतो. तो शोभेचा आहे. त्याला हात लावू नये. मी लावला, तेव्हापासून झोप नाही.

झालं असं, की रात्री साडेआठला पाच लिटरच्या कुकरने शिट्टी द्यायचं नाकारलं. कडेने वाफ जातेय, डाळ कच्ची, बाहेर पाऊस. फोन उचलला. रिंग १४९ रुपये, डिलिव्हरी मोफत. मोफतच्या शेजारी खोडलेले तीस रुपये, म्हणजे आपल्यावर केवढे उपकार होतायत ते कळावं. 'कर आणि शुल्क' ४७ रुपये २० पैसे. मी तमाम भारतीयांप्रमाणे मनात सरकारला एक शिवी हासडली, "कुकरच्या रिंगलाही सोडत नाहीत लेकाचे," म्हटलं आणि १९६ रुपये २० पैसे भरून टाकले. शिवी दिल्यावर पैसे भरताना त्रास होत नाही, हीही एक सूचनाच समजा.

रिंग आली. तीन लिटरची. परत केली. खात्यात १४९ आले. उरलेल्याचं काय, म्हणून चॅटवर विचारलं, तर पलीकडून उत्तर: "सर, ते टॅक्सेस आहेत, गव्हर्मेंटला जातात. रिफंड होत नाहीत." शेवटी हात जोडलेली इमोजी. तिथे मी तो बाण दाबला.

हँडलिंग चार्ज १० रुपये. स्मॉल कार्ट फी २० रुपये. प्लॅटफॉर्म फी १० रुपये. या चाळिसावर १८ टक्के जीएसटी, ७ रुपये २० पैसे. संपलं. रिंगवरचा कर त्या १४९ मध्येच होता, कारण छापील किंमत 'सर्व करांसहित' असते, हे आपल्याकडे बिस्किटाच्या पुड्यावरही लिहिलेलं असतं. म्हणजे सत्तेचाळीस रुपयांतले सरकारचे सात आणि कंपनीचे चाळीस. आणि शिवी कोणाला बसली?

बरं, ही चाळीसची मंडळी एकेक करून बघा. हँडलिंग, म्हणजे वस्तू हाताळल्याचे पैसे. न हाताळता कशी देणार होतात? मंत्र म्हणून? प्लॅटफॉर्म फी म्हणजे दुकानात पाय ठेवल्याचे पैसे, तेही बाहेर पडताना घ्यायचे. आणि स्मॉल कार्ट फी! थोडकंच घेतलंत म्हणून दंड. अहो, एका कुकरला एकच रिंग लागते! दोन बसवून दाखवा! मी काय करायला हवं होतं, रिंगसोबत चार किलो बटाटे आणि बाळाचे डायपर घ्यायचे? घरात बाळ नाही. त्या दिवशी पावसाची फी लावली नाही हे नशीब म्हणायचं, एरवी आभाळ भरून आलं की यांचीही फी भरून येते. आणि ही सगळी वरात चाललीय कुठल्या ओळीतून, तर 'कर' या शब्दाच्या मागे दडून. ओळीत पहिला शब्द कर. मग आणि. मग शुल्क. माणूस 'कर' वाचतो, कपाळावर हात मारतो आणि पुढे जातो. शुल्क वाचायला थांबतो कोण? ज्याने कोणी ही ओळ रचली त्याला आपल्या लोकांचा स्वभाव पुरता ठाऊक आहे.

ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियम २०२० पासून आहेत. एकूण किंमत एका आकड्यात सांगा आणि तिची फोडही दाखवा, डिलिव्हरी, हँडलिंग, कर सगळं वेगवेगळं, असं त्यात लिहिलंय. ३० नोव्हेंबर २०२३ ला फसव्या मांडणीचे तेरा प्रकार ठरवून त्यांवर बंदीही आली. आधी कमी किंमत दाखवायची आणि शेवटच्या पानावर थेंब थेंब वाढवत न्यायची, हा त्या तेरांतलाच एक. नियम आहे. बाणही आहे. मिटलेला. फोड दाखवलीय हो, फक्त झाकून दाखवलीय.

असो. रागावायचं नाही असं ठरवून बसलो होतो. पुढची सूचना.

शर्ट घ्यायचा तर अडीच हजारांच्या आतला घ्या. वर एक रुपया गेला की कर पाचाचा अठरा टक्के होतो आणि बाही मात्र तेवढीच राहते.

तिसरी सूचना अशी, की ऑनलाइन विक्रीवर कर असावा की नसावा, या चर्चेत हिरिरीने भाग घ्या. सोसायटीच्या ग्रुपवर ती दर दिवाळीला होते. "ऑनलाइनवाले टॅक्स भरत नाहीत म्हणून स्वस्त देतात", हे वाक्य कोणीतरी टाकतं, त्याखाली सतरा अंगठे येतात. तुम्हीही एक लावा. १ जुलै २०१७ पासून एका वस्तूला एकच दर आहे, मग ती गल्लीत घ्या नाहीतर फोनवर, असं सांगायला जाऊ नका, एकटे पडाल. कंपनी विक्रेत्याच्या पैशातून अर्धा टक्का आधीच कापून सरकारजमा करते आणि कोणी किती विकलं याचा हिशेब दर महिन्याला देते, हे तर मुळीच बोलू नका. कारण ते वाक्य टाकणारे आमचे भांडीवाले काका आहेत आणि परवा त्यांच्याकडे मी पाच लिटरची रिंग आणायला गेलो तेव्हा त्यांनी काउंटरवरून वाकून विचारलं होतं, "जीएसटी लावून देऊ, की तसंच?"

तसंच!

मी काय म्हटलं ते विचारू नका. डाळ शिजायची होती.

खरं तर आपल्याकडे हा वाद जुना आहे आणि त्यात रंगत होती. मुलुंड-दहिसरच्या नाक्यावर जकातीसाठी ट्रकच्या रांगा लागायच्या. इतर शहरांत जकात जाऊन एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, तर २०१३ मध्ये व्यापाऱ्यांनी दुकानांची शटरं ओढली. मग पार्सलं सुरू झाली आणि पार्सल काही नाक्यावर थांबेना, तेव्हा काही राज्यांनी ऑनलाइन मालावर प्रवेशकर बसवला. राज्यांना मुळात प्रवेशकर लावता येतो का, हा खल सर्वोच्च न्यायालयात वर्षानुवर्षं चालला आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं, येतो. आठ महिन्यांच्या आत जीएसटी आला आणि प्रवेशकर त्यात बुडाला. नऊ न्यायमूर्ती! यातला एकही वाद ग्राहकाने बिल वाचल्यामुळे झालेला नाही, ही परंपरा आपण पुढे चालवायची आहे.

चौथी सूचना फक्त विकणाऱ्यांसाठी. तुम्ही जर घरी चटणी-मसाले करून ऑनलाइन विकायच्या विचारात असाल, तर आधी नकाशा समोर घ्या.

माझी मावशी कोल्हापूरला कांदालसूण चटणी करते. मिरच्या स्वतः निवडते, देठ काढताना हाताची आग होते म्हणून पिशवी गुंडाळून बसते. तिच्या गल्लीतल्या दुकानदाराला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नंबर लागत नाही. मावशीने तीच चटणी ऑनलाइन ठेवायची म्हटली, तर २०२३ च्या सप्टेंबरपर्यंत पहिल्या पाकिटापासून नंबर लागायचा. चाळीस लाख राहू द्या, चाळीस रुपये विकले तरी. १ ऑक्टोबर २०२३ पासून सवलत आली. आता राज्यातल्या राज्यात विकायचं तर नोंदणी नको, फक्त पॅन देऊन पोर्टलवर एक वेगळा नंबर घ्यायचा. म्हणजे नंबर नको म्हणून नंबर. तोही घेतला. मावशीची चटणी महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीला जाते. आनंद आहे.

निपाणीला जात नाही.

कोल्हापूरहून निपाणी तासाभरावर. मावशीची नणंद तिथे राहते, तिच्या शेजारणींना चटणी हवी आहे. पण निपाणी कर्नाटकात, मध्ये राज्याची हद्द आहे आणि हद्द ओलांडली की नोंदणी सक्तीची. सीएने समजावलं: नंबर घ्या, मग सगळ्याच विक्रीवर ५ टक्के लावा, गल्लीतल्या शेजारणीलासुद्धा, विवरणपत्रं भरा, एखाद्या वेळी काहीच विकलं नाही तरी शून्याचं भरा, ते चुकलं तर दिवसाला २० रुपये दंड. मावशी ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हंजे चटणी केली न्हाई त्याचा बी दंड? आन् निपाणी काय परदेश हाय व्हय?" सीएने चहा संपवला.

आता नणंद महिन्यातून एकदा एसटीने येते आणि पिशवीत वीस पाकिटं घालून घेऊन जाते. सीमाप्रश्न आमच्यापुरता असा सुटला आहे.

वर कंपनी मावशीच्या प्रत्येक पाकिटातून कमिशन घेते आणि त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी. चटणीवर पाच, चटणीच्या दलालीवर अठरा. नोंदणी नाही म्हणून तो कर वळता करून घ्यायची सोय नाही. म्हणजे खिशातून. मावशीला मी हे अजून नीट सांगितलेलं नाही. तिच्या हाताशी पाटा-वरवंटा असतो.

पाचवी सूचना लिहून ठेवली होती, सेलच्या दिवसांत कूपन कसं लावावं याबद्दल. पण जाऊ दे. हा उपरोध मला काही शेवटपर्यंत झेपत नाही.

लाज वाटत नाही का? आधी कंपनीला विचारतो. तुम्हाला चाळीस रुपये हवेत ना, घ्या. किंमत १८९ लिहा, मला परवडलं तर घेईन, नाहीतर घेणार नाही. पण १४९ ची पाटी लावायची, गिऱ्हाईक आत आलं की खिशात हात घालायचा आणि पकडले गेलात की "सरकारला जातात" म्हणून सांगायचं, याला आमच्याकडे धंदा म्हणत नाहीत. आणि तो चॅटवरचा पोरगा, त्याला शिकवलंय तसं बोलतोय बिचारा. शिकवणारे कुठे आहेत?

आणि सरकार, तुम्ही फार हसू नका. २२ सप्टेंबर २०२५ ला दर उतरवून बचत उत्सव जाहीर केलात, छान केलंत, त्याच दिवसापासून ॲपवरच्या डिलिव्हरीवर १८ टक्के लागू झाले त्याचा उत्सव कोणी केला नाही. एक देश एक कर म्हणता आणि मावशीची चटणी कागलच्या पुढे जाऊ देत नाही. चाळीस लाखांची मर्यादा दुकानाला आहे तर घरातून विकणाऱ्या बाईला राज्याबाहेर का नाही? कर चुकवायचा असता तर ती ऑनलाइन आलीच नसती. तिथे पाकीट न् पाकीट मोजलं जातं. चुकवणारा काउंटरवर वाकून विचारतोय, आणि त्याला कोणी काही विचारत नाही.

आणि तुम्ही. हो, तुम्हीच, अंगठा लावणारे. रस्ता खोदला की सरकार, पेट्रोल वाढलं की सरकार, कुकरची रिंग महाग पडली तरी सरकार, आणि बोटभर अंतरावरचा बाण दाबायचा कंटाळा. चाळीस रुपयांसाठी कोण भांडत बसणार, म्हणता. रिक्षावाल्याशी दहा रुपयांसाठी अर्धा तास भांडता तेव्हा वेळ कुठून येतो? तो समोर उभा असतो म्हणून? भाजीवालीकडून कोथिंबीर फुकट घेताना लाजत नाही आणि इथे गुपचूप स्मॉल कार्टचे वीस भरता. मीही भरले. वर्षभर भरत होतो, हिशेब काढला नाही, काढणारही नाही, घरात सांगावा लागेल.

१९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. मी लावला. पुरावा म्हणून बिलाचा फोटो दिला, बाण उघडलेला, आणि "गव्हर्मेंटला जातात" हे वाक्यही. चौथ्या दिवशी कंपनीकडून निरोप आला, झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, सदिच्छा म्हणून ५० रुपयांचं कूपन देत आहोत. ४९९ च्या वरच्या खरेदीवर. सात दिवसांत वापरायचं.

दुसरी तक्रार काल रात्री केलीय. कूपन नको, माझे ४७ रुपये २० पैसे खात्यात पाहिजेत. तुमचं शेवटचं बिल फोनमध्येच असेल. उघडा ते.